डुकरामागोमाग अंतराळात

स्टीफन हॉकिंग आणि त्यांची लेखिका मुलगी ल्यूसी यांच्या, जॉर्ज या मुलाच्या गोष्टींच्या मालिकेचं पहिलं पुस्तक 2007मध्ये आलं; 2018पर्यंत सहा झाली. सुरुवात होते कुंपण तोडून शेजाऱ्याकडे घुसलेल्या जॉर्जच्या डुकरापासून! शेजारी निघतो शास्त्रज्ञ. त्याचा ‘कॉसमॉस’ हा संगणक थेट अंतराळात दार उघडतो. (स्वभावाने जरा शिष्टच आहे बेटा.) मग जॉर्ज आणि शास्त्रज्ञाची मुलगी ॲनी धूमकेतूवर स्वार होऊन शनी, गुरू पाहतात. खरी गंमत पुढे. शास्त्रज्ञ कृष्णविवरात पडतो आणि सुटतो तो हॉकिंग यांच्याच सिद्धान्तामुळे: कृष्णविवरातून कण हळूहळू बाहेर पडतात, ते गोळा करून कॉसमॉस त्याला पुन्हा जुळवतो. गोष्टीच्या अधेमधे ग्रहताऱ्यांची माहिती देणाऱ्या चौकटी आहेत.