काउंटीतील खेळाडू : ४४३ वजा जाता

गेल्या खेपेस कबूल केल्याप्रमाणे आज बेनिफिट सामन्याचा जमाखर्च मांडावयाचा होता. परंतु कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका वाचकांच्या पत्रामुळे तो विषय आठ दिवस तहकूब ठेवणे भाग आहे. ते विचारतात, कसोटीची टोपी न लाभलेल्या इंग्रज खेळाडूंचे एवढे गुणवर्णन चालले असता आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनाच या मालेत स्थान का नसावे? अवश्य असावे.

मात्र १९४८च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध त्यांनी केलेल्या नाबाद ४४३ धावा, आणि ब्रॅडमनचा ४५२चा उच्चांक अवघ्या नऊ धावांवर राहिला असता राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी सोडून दिलेला सामना, ही हकीकत कोल्हापुरात पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या नऊ धावांची हळहळ मलाही आहे. पण एका डावाच्या तेजात उरलेली सारी कारकीर्द झाकोळून गेली, याचे दुःख मला अधिक वाटते. प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत त्यांच्या ४८४१ धावा झाल्या, सरासरी ४७.९३. आता या हिशेबातून तो डाव सबंध वजा करा. तरीही बाकी ४३ धावांहून अधिक सरासरीची राहते, आणि त्याशिवाय पदरी ५८ बळी! तो डाव झालाच नसता, तरी हा फलंदाज थोरच ठरला असता.

मग कसोटी का नाही? विजय हजारे, मोदी, अधिकारी, फडकर अशी मधली फळी भरलेली होती हे खरेच; पण १९४९च्या फेब्रुवारीपासून १९५१च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे निंबाळकरांच्या वयाची एकोणतिशी ते बत्तिशी या ऐन उमेदीच्या काळात, भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाही, ही गोष्ट मला अधिक निर्णायक वाटते. राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी, एवढेच त्यांच्या वाट्यास आले.

बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांतून ते खेळले, यातही त्या काळाचा इतिहासच आहे. दरबारचा आश्रय हीच तेव्हाच्या कित्येक खेळाडूंची सनद असे. इंदूरच्या होळकरांनी तर सी. के. नायडूंना आपल्या फौजेत हुद्दा दिला होता. पुण्याच्या त्या डावास तीन महिने होण्यापूर्वीच, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, पुढे होळकर संघही मावळला, आणि दरबाराची जागा रेल्वेसारख्या सरकारी खात्याने घेतली.

इंग्लंडातील काउंटीचा व्यावसायिक खेळाडूही हिवाळ्यात पोटासाठी दुसरे काम शोधी. पण बहुधा एकाच काउंटीत त्याची उमर सरे, आणि दीर्घ सेवेअंती एखाद्या ‘बेनिफिट’ सामन्याचे उत्पन्न ती त्याला बहाल करी. सहा संघांत वाटल्या गेलेल्या चाकरीची अशी नोंद कोणत्या दप्तरात राहणार? क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू पुरस्कार भाऊसाहेबांना मिळाला तो २००२ साली, शेवटच्या मोसमानंतर जवळजवळ चार दशकांनी. बेनिफिटचा जमाखर्च आता पुढील आठवड्यात.