चाक छोटं, सफर मोठी!

शिवनेरीला मुजरा, जुन्नरहून घोडेगाव, मग डिंभ्यावरून भीमाशंकरचा चढ. वीकएण्डचा असा बेत आहे? मग स्टीलची टूरिंग सायकल घेताना रंगाआधी माप बघा. माझी उंची ५ फूट २ इंच. एवढ्या छोट्या फ्रेमला ७००सी चाक (रिम ६२२ मिमी) असलं, की हँडल वळवताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. सामान लादून चढावर नागमोडी जाताना तोल गेलाच समजा! २६ इंची चाकात (५५९ मिमी) ही भानगड सहसा टळते. शिवाय गावाकडे टायर मिळण्याची शक्यता जास्त. उंच मंडळींनी खुशाल ७००सी घ्यावं. आणि फ्रेम? आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहा. वर तीन-चार सेंटिमीटर जागा उरली, तरच पैसे काढा.