उत्तराची वाट पाहणारं यंत्र

गोंदियाच्या बसस्थानकावर शेजारी येऊन बसलेला अनोळखी माणूस पहिल्याच वाक्यात विचारतो, ‘कोणत्या गावचे?’ गाव सांगितलं की पुढचं ओघानंच येतं. त्या गावातल्या कुणाला तरी तो ओळखत असतो, यंदा धान कसं आहे ते विचारतो, मग इकडे येण्याचं कारण. झाडीबोलीत सुरू झालेलं बोलणं मध्येच हिंदीत शिरतं, एखादं वाक्य पोवारीत येतं आणि बस लागेपर्यंत गप्पा चालतात. यात काही अवघड आहे असं आपल्याला वाटत नाही. पण माणसाचा मेंदू दिवसभरात जी कामं करतो, त्यांतलं हे एक अतिशय कठीण काम आहे.

नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली जगातल्या दहा भाषांमधली रोजची संभाषणं मोजली. हो-नाही स्वरूपाचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी माणसं त्याहून झटपट उत्तर देतात, डॅनिश जरा सावकाश. पण कुठल्याही भाषेची सरासरी अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेली नाही. दुसरीकडे, एक साधा शब्द मनात जुळवून तोंडाशी आणायला मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. हा हिशेब जुळतो तो एकाच कारणानं. समोरचा अजून बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठं संपणार याचा अंदाज ऐकणारा बांधतो आणि आपलं उत्तर तयार करायला घेतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी एकाच वेळी चाललेली असते.

अनेक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, प्रौढांची अडचण नेमकी इथं येते. शब्द असतात, विषयाची माहिती तर कित्येकदा समोरच्यापेक्षा जास्त असते. पण बोलण्याचा सूर, समोरचा चेहरा, भोवतीचा गोंगाट आणि आपली पाळी हे सगळं एकदम सांभाळताना उत्तराला उशीर होतो. तोवर विचारणारा तोच प्रश्न पुन्हा विचारतो, मोठ्यानं विचारतो, किंवा सोबत आलेल्या आईकडे वळतो. ‘इकडे कुठं?’ हा प्रश्न ओळख काढण्यापुरता असतो, हेही कुणी कधी शिकवलेलं नसतं. मग एखादा तरुण त्याचं खरंखुरं उत्तर देतो, गाड्यांच्या वेळांसकट. त्याचं उत्तर चुकीचं नसतं, तरी ऐकणारे एकमेकांकडे बघतात.

याचा सराव करायचा कुठं? तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता येत नाही आणि बँकेच्या खिडकीवरचा माणूस तोच प्रसंग दहा वेळा उभा करत नाही. संगणकावरचं आभासी संभाषण ही उणीव भरून काढतं, आणि त्याची सुरुवात झाली ती पोलिसी तपासातून. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत डेल ऑल्सेन यांनी एफबीआयच्या अधिकाऱ्यांसाठी पडद्यावरचा एक संशयित तयार केला. अधिकाऱ्यानं प्रश्न विचारायचे आणि संशयितानं आतापर्यंत मिळालेल्या वागणुकीनुसार कधी मोकळेपणानं, कधी तुटक उत्तर द्यायचं. ऑल्सेन यांच्या सिमर्शन कंपनीनं हेच तंत्र पुढे स्वमग्न प्रौढांकडे नेलं. त्यांच्यासाठी तयार केलेल्या आभासी संभाषण-सोबत्याविषयीचा शोधनिबंध शेरिल ट्रेपॅनियर, ऑल्सेन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला.

याच घराण्यातली एक प्रसिद्ध आभासी व्यक्ती म्हणजे मॉली पोर्टर. ती नोकरीसाठी मुलाखत घेते. एका अभिनेत्रीकडून शेकडो प्रश्न आणि प्रतिक्रिया वेगवेगळ्या मनःस्थितींत बोलून घेतल्या आणि चित्रित केल्या आहेत. उमेदवारासमोर उत्तरांचे पर्याय येतात. तो एक निवडतो आणि मोठ्यानं बोलतो. आत एक अदृश्य गणित चालू असतं: मॉलीचा उमेदवारावरचा विश्वास वाढला की घटला? त्यावरून पुढची चित्रफीत ठरते. तिच्यात थोडी अनिश्चितताही मुद्दाम ठेवली आहे, त्यामुळे मुलाखत पाठ करून भागत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातली मार्गदर्शक खुणेनं सांगते की हे वाक्य जमलं, ते जमलं नाही. नंतर सगळं संभाषण पुन्हा वाचता येतं. आणि उत्तर येईपर्यंत मॉली थांबते. अर्धं मिनिट लागलं तरी तिच्या कपाळावर आठी उमटत नाही.

संशोधक मॅथ्यू स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २६ स्वमग्न तरुणांबरोबर मॉलीची चाचणी घेतली. मॉलीबरोबर सराव केलेले १६ जण नंतर माणसांसमोरच्या नमुना-मुलाखतीत उरलेल्या दहांपेक्षा अधिक सुधारले. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा नोकरी मिळण्याचं प्रमाणही सराव केलेल्यांत जास्त होतं. त्याआधी, २०१३ मध्ये, टेक्सासमध्ये आठ स्वमग्न तरुणांना एका आभासी जगात पाच आठवड्यांत दहा सत्रं देण्यात आली होती. तिथली इतर पात्रं प्रशिक्षकच चालवत होते. तिथंही सुधारणा दिसली. मात्र २६ आणि आठ हे आकडे लहान आहेत. शिवाय पडद्यावर जमलेलं बाजारात जमतं का, हा या क्षेत्रातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. मुलाखतीला निदान ठरावीक साचा असतो. लग्नघरातल्या गप्पांना तोही नसतो.

भारतातल्या संशोधकांनीही या दिशेनं काम केलं आहे. आयआयटी गांधीनगरच्या उत्तमा लाहिरी यांनी आधी अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात आभासी पात्रांशी बोलण्याची एक प्रणाली विकसित केली. ती बोलणाऱ्याची नजर टिपते आणि त्यानुसार प्रतिसाद बदलते. तंत्र म्हणून हे विलक्षण आहे. पण समोरच्याच्या डोळ्यांत पाहायला शिकवणं हे ध्येय मला खटकतं. कित्येक स्वमग्न माणसं सांगतात की डोळ्यांत पाहावं लागलं की ऐकू येणंच बंद होतं. ब्रिटनमधल्या संशोधक लॉरा हल यांनी २०१७ मध्ये अशा प्रौढांचे अनुभव ऑनलाइन प्रश्नावलीतून मांडले. ‘सामान्य’ दिसण्यासाठी दिवसभर सोंग वठवणं किती थकवतं, स्वतःपासून किती तोडतं, हे त्यांतून पुढं आलं. सराव कशाचा करायचा हे म्हणूनच सराव करणाऱ्यानं ठरवावं.

दुसरी बाजूही आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. गैरसमज दोन्हीकडून होतो, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. २०२० मध्ये संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी ते तपासलं: आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवायला सांगितली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जवळपास तेवढीच शाबूत पोहोचली, जेवढी इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळली.

आता गोंदिया. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत लहान मुलांमध्ये स्वमग्नतेचं प्रमाण शंभरात साधारण एक आढळलं. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांवर होती. मुलांचं प्रमाण मोठ्यांना सरसकट लावता येत नाही. पण निम्मं धरलं तरी हजारो माणसं होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काय आहे हे कुणी सांगितलेलंही नसणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं स्वमग्नतेला स्वतंत्र नोंद दिली, सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांमध्ये वाटा दिला. तिथवर पोहोचायला आधी अर्जाच्या खिडकीपाशी उभं राहून आपलं काम सांगावं लागतं. प्रशिक्षणासाठी नागपूर गाठायचं तर रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर, सोबत येणाऱ्याची रोजी बुडवून. फोन मात्र घरात असतो.

पण फोनवर मॉली पोर्टर नको. तिच्या मुलाखतीचा देवरी किंवा सालेकशातल्या तरुणाला फारसा उपयोग नाही. त्याला सराव हवा आहे तो धान खरेदी केंद्राचा. सातबारा हातात, रांग लांब, आणि आतून आवाज येतो, ‘बारदाना संपला, उद्या या.’ शब्दाला शब्द धरणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटेच हजर होईल. त्यानं तिथंच विचारायचं असतं, ‘उद्या किती वाजता? बारदाना नक्की येणार का?’ हे दोन प्रश्न शिकवता येतात. राईस मिलमधला दिवाणजी, रेशन दुकान, एसटीचा कंडक्टर, तलाठी कार्यालय असे आठ-दहा प्रसंग लिहिले तरी चांगली सुरुवात होईल. लिहिताना शेजारी स्वमग्न प्रौढ बसलेले असावेत. कुठं अडतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? भाषा मात्र इथलीच हवी. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत; प्रमाण मराठीवर तयार झालेली आवाज ओळखणारी यंत्रणा इथं अडखळू शकते. त्यामुळे सुरुवातीला मॉलीसारखे पर्याय पडद्यावर देणंच बरं.

पात्रं शोधायला लांब जायला नको. दिवाळीनंतर या भागात झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. तिथला नट एकच वाक्य प्रेमानं, रागानं आणि घाईत म्हणून दाखवू शकतो, आणि अशा यंत्राला नेमकं तेच हवं असतं. हा सरावही नाटकाच्या तालमीसारखाच: चुकलं की त्याच जागेवरून पुन्हा, आणि समोर प्रेक्षक नाहीत.

हेच यंत्र उलटं फिरवून आणखी एक खेळ त्याच पैशांत करता येईल, आणि मला तो आधी झालेला आवडेल. त्यात शिकणारा खिडकीच्या आतला कारकून, कंडक्टर किंवा बँकेतला रोखपाल असेल आणि पडद्यावर एक स्वमग्न तरुण. रोखपाल विचारेल, ‘किती काढायचे?’ उत्तर चार सेकंदांनी येईल. त्या चार सेकंदांत त्यानं प्रश्न पुन्हा विचारला, आवाज चढवला किंवा शेजारच्या नातेवाइकाकडे मान वळवली, तर गुण त्याचे कापले जातील.