गॅलरीतली बाग, लेखांक ९ : रात्री घरी येणाऱ्यांच्या वेली

मागच्या आठवड्यात कुंडी कशी भरायची ते पाहिलं. आता तिच्यात वेल लावायची. कोणती, हे रोपवाटिकेत फुललेलं रोप बघून ठरवू नका. आपण घरातून किती वाजता निघतो आणि किती वाजता परततो, त्यावरून ठरवा.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातले कितीतरी लोक उजाडता उजाडता लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतरच घरी येतात. त्यांनी हौसेने गोकर्ण लावला, तर त्याची निळी फुलं सकाळी उमलतात आणि रात्री दार उघडावं तेव्हा मिटलेली असतात. कृष्णकमळाचंही तेच, ते रविवारपुरतं. या घरांत खरी शोभतात ती जाई, जुई आणि मधुमालती. या तिन्ही वेली संध्याकाळनंतर उमलतात, कारण त्या वाट बघतात ती निशाचर पतंगांची. पांढरा रंग आणि दरवळ अंधारात लांबून कळतो.

मधुमालतीचा घोस एकदा दिव्याच्या उजेडात जवळून बघा. फुलाचा देठ वाटतो तो देठ नसून बारीक लांब नळी असते आणि मध तिच्या तळाशी. तिथवर लांब सोंडेच्या पतंगाचीच सोंड पोचते. फूल पहिल्या रात्री पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग लोंबताना दिसतात.

मात्र मधुमालती दांडगी वेल आहे. बारा इंची कुंडीत ती पानं देत राहील, फुलं नाही. तिला निदान अठरा इंच रुंद आणि तेवढीच खोल जागा हवी. जाई-जुईचं चौदा-पंधरा इंचांत भागतं. माझं स्पष्ट मत आहे की ग्रिलमध्ये पाच छोट्या कुंड्या दाटून ठेवण्यापेक्षा एकच मोठी कुंडी, एकच वेल लावावी. ओल्या मातीचं वजन बरंच होतं, त्यामुळे अर्ध्याहून अधिक पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट घाला आणि कुंडी ग्रिलच्या पट्ट्यांवर न ठेवता भिंतीलगत लादीवर ठेवा.

कुंडीऐवजी अर्धं कापलेलं निळं प्लॅस्टिकचं पिंप स्वस्त पडतं, आणि आपल्याकडे भंगारवाल्याकडे ते सहज मिळतं. पण अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. पिंपात आधी काय भरलं होतं हे कळत नसेल, तर ते घेऊ नका. धुतल्याने सगळं निघून जाईलच असं नाही.

आता आधार. जाई, जुई, मधुमालतीला पकडायला ताणे नसतात, त्या गुंडाळत किंवा टेकत वर जातात. लोखंडी गज त्यांना जाड पडतो. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरचा वारा इकडे आत उशिरा पोचतो, पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेकडच्या गॅलरीतला गज इतका तापतो की कोवळा शेंडा त्याला टेकला की करपतो. त्यासाठी गजांवर काथ्याची दोरी गुंडाळा आणि मध्ये वीतभर अंतराने सुतळीचे उभे धागे ताणा. वेलीला हात फिरवून धाग्यावर एकदा बसवलं की पुढे ती आपली आपण चढते.

उन्हाळ्यात सकाळी निघण्याआधी एक पाणी, रात्री आल्यावर दुसरं. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी चालतं, मीठ पडलेलं नाही. मातीवर नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं थर दिला तर ओल दिवसभर टिकते. पावसाळ्यात उलट काळजी घ्यायची. इथे जुलैत पाऊस दिवसचे दिवस ओततो. भोक तुंबलं की मुळं कुजतात आणि थाळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. थाळ्या काढूनच ठेवा.

ज्यांच्या गॅलरीत चार-पाच तासही ऊन येत नाही, त्यांनी या तिघींचा हट्ट धरू नये. सावलीत वेल वाढते, फुलत नाही. बोगनवेलीलाही तोच नियम. आणि पावसाळ्यात कुंपणांवर दिसणाऱ्या कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलांचा मोह पडतो, पण तिचा कंद आणि बाकी सगळे भागही विषारी आहेत. लहान मुलं असलेल्या घरी ती लावू नका.

जूनचे हे दिवस लागवडीचे आहेत. ओळखीच्या कोणाकडे जाई असेल, तर तिची लवचीक फांदी खाली वाकवून, मध्ये साल किंचित खरवडून, शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. पावसाच्या ओलीत तिथे मुळं फुटतात. मूळ धरल्याची खात्री झाल्यावरच ती आईपासून तोडा. मधुमालतीच्या बुडाशी फुटलेला धुमारा मुळासकट काढून लावला तरी जगतो.

फुलं येतात ती नव्या फुटव्यांवर, त्यामुळे छाटणी चुकवून चालत नाही. ती कधी आणि किती करायची, ते पुढच्या लेखांकात. तोवर एका सुट्टीच्या दिवशी आपल्या गॅलरीत ऊन कधी येतं आणि कधी जातं, ते घड्याळ लावून लिहून ठेवा.