कमरेवरचं पाकीट

कविता लिहिणाऱ्या माणसानं रिव्हॉल्व्हरच्या पाकिटाविषयी बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मी भिंगारचा. छावणीला खेटलेलं गाव, गल्लोगल्ली निवृत्त फौजी, आणि माझे मामू चामड्याचे पट्टे शिवणारे.

शेजारच्या सुभेदारसाहेबांनी निवृत्तीनंतर रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं. हत्याराला भरपूर पैसे मोजले आणि पाकीट आणलं रेक्झिनचं, स्वस्तातलं. एके दिवशी मोटारसायकलवर टांग टाकताना रिव्हॉल्व्हर सटकून अंगणात पडलं. तिथं माझा नातू गोट्या खेळत होता. गोळी सुटली नाही, एवढंच.

संध्याकाळी साहेब मामूंकडे आले. मामूंनी पाकीट हातात घेऊन दाबलं. म्हणाले, "साहेब, ही पिशवी आहे. पाकीट नाही."

मामूंची परीक्षा साधी. रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं, चकरीची सगळी घरं डोळ्यांनी बघायची, बोटानं चाचपायची. मग ते पाकिटात घालून गादीवर उलटं धरायचं आणि हलवायचं. बटणाची पट्टी न लावताही ते पडता कामा नये. पट्टी ही वरची खबरदारी, मूळ पकड चामड्याच्या आकाराची. त्यासाठी जाड चामडं भिजवून, रिकाम्या हत्यारावर दाबून, सावलीत वाळवतात.

दुसरी गोष्ट चाप. तो पूर्ण झाकला गेलाच पाहिजे. रिव्हॉल्व्हरला बहुधा वेगळा खटका नसतो. चाप ओढला की गोळी सुटते. मऊ पाकिटाचं तोंड आत दुमडतं आणि हत्यार परत घालताना तीच घडी चापात अडकते. म्हणून तोंडाशी दुहेरी चामडं हवं. जुन्या बनावटीत तर पडून घोड्यावर मार बसला तरी बार उडू शकतो. जुनी माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवत ते याचसाठी. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या हातून त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर निसटलं आणि गोळी पायाला लागली, ते आपण वाचलंच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणेही सार्वजनिक जागी हत्यार पाकिटात किंवा तशाच वेष्टनात, पूर्ण झाकून आणि आपल्या ताब्यात ठेवावं लागतं.

आता सोय. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचं. दिवसभर हे वजन पाकीट नव्हे, पट्टा पेलतो. सॅम ब्राऊन या घोडदळाच्या अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ मध्ये तुटला. तलवारीचं म्यान सावरायला हातच उरला नाही, तेव्हा त्यानं खांद्यावरून तिरपी पट्टी घेतलेला कमरपट्टा काढला. लष्करी आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या अंगावर तो आजही दिसतो. आपल्याला खांद्यावरची पट्टी नको, पण पट्टा जाड हवा आणि पाकिटाची खाच पट्ट्याच्या रुंदीचीच हवी. खाच सैल असली की पाकीट झुलतं आणि माणूस दिवसभर पँट वर ओढत बसतो. उजव्या कमरेवर, किंचित मागे, ही सोयीची जागा. मोटारीत फार बसणाऱ्यानं डावीकडे पुढे, तिरपं लावावं. पाठीच्या कण्यावर कधीच नको. मागे पडलात तर लोखंड मणक्यात रुतेल.

चामडं बाभळीच्या सालीनं किंवा हिरड्यानं कमावलेलं घ्यावं, कोल्हापुरी चपलेसारखं. ते कडक राहतं, आकार धरतं. मात्र पावसाळ्यात कुठलंच चामडं ओल सोडत नाही. हत्यार रात्रभर त्यात राहिलं तर गंज चढतो, काडतुसांच्या पितळेवर हिरवं किटण धरतं. रात्री हत्यार पुसून कुलपात आणि पाकीट खुंटीला.

मामूंनी शिवलेलं पाकीट पहिले पंधरा दिवस इतकं घट्ट होतं की साहेब कुरकुरत होते. आता गाडीवर बसण्याआधी ते कमरेला हात लावून बटण चाचपतात. नातू अजून त्यांच्या अंगणात गोट्या खेळायला जातो. त्याच्या आजीला ते अजूनही आवडत नाही.