विश्लेषण : परदेशी ‘मिशन ट्रिप’ गावात येणार? नियम काय, मुलांना फायदा कधी?

परदेशातील अनेक चर्च आपल्या सदस्यांचे गट आठवडा-दोन आठवड्यांसाठी दुसऱ्या देशात सेवेला पाठवतात. मुलांना शिकवणे, आरोग्य तपासणी, शाळेची रंगरंगोटी, साहित्यवाटप अशी कामे हे गट करतात. यालाच ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. लातूर किंवा नांदेडमधील एखाद्या संस्थेकडे असा गट येणार असेल, तर संस्थेने काय पाहायला हवे?

व्हिसा कोणता लागतो?

ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवी काम करता येते. त्याचा कोणताही मोबदला घेता येत नाही. धर्मप्रचारासाठी ‘मिशनरी व्हिसा’ हा वेगळा प्रकार आहे. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात माथा टेकणाऱ्या किंवा चर्चमधील प्रार्थनेला बसणाऱ्या परदेशी पाहुण्याला खास परवानगी लागत नाही. मात्र पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रचाराची भाषणे देणे, पत्रके वाटणे किंवा धर्मांतराचा प्रयत्न करणे चालत नाही. हा नियम सर्व धर्मांना सारखाच आहे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला, की यजमानाने २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते.

देणगी हातात दिली तर?

इथे अनेक लहान संस्था अडकतात. परदेशी नागरिकाने भारतात येऊन रुपयांत दिलेले पैसेही कायद्याने परदेशी देणगीच ठरतात. त्यासाठी ‘एफसीआरए’ कायदा, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. ती दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे.

मुलांसाठी कोणती काळजी?

निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय कायदा, २०१५ नुसार नोंदणी सक्तीची आहे. अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. म्हणजे पाहुण्यांनी मुलांसोबत काढलेला सेल्फी समाजमाध्यमावर टाकणे कायद्यात बसत नाही. दुसरा प्रश्न मनाचा आहे. दर काही महिन्यांनी नवे ताई-दादा येतात, लळा लावतात आणि निघून जातात. आधीच घर गमावलेल्या मुलाला हे पुन्हा पुन्हा सोसावे लागते.

किल्लारीने काय शिकवले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. मदतीचा ओघ देश-विदेशातून आला. पण मुलांचा प्रश्न ब्लँकेट आणि बिस्किटांनी सुटणारा नव्हता. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. आपत्तीनंतर मुलांना काही दिवसांची नव्हे, काही वर्षांची सोबत लागते, हे त्यातून दिसले.

मग बाहेरच्यांचा उपयोग नाही का?

आहे, पण काम स्थानिकांच्या हाती असेल तर. मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अमेरिकेत शिकून आलेल्या या डॉक्टरांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी विद्यार्थी जामखेडला येतात ते या कामातून शिकायला.

होकार देण्याआधी काय विचारावे?

पाहुणे गेल्यावर हे काम कोण चालवणार? इथला शिक्षक किंवा आरोग्यसेविका त्यात आहे का? प्रौढ पाहुणा मुलासोबत एकटा राहणार नाही, याची व्यवस्था काय? उत्तरे मिळेपर्यंत तारीख देऊ नये. मुलाबाबत काही गैर आढळल्यास १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कुणालाही कळवता येते.