ओटा जुना झाला म्हणून रस्ता त्याचा होत नाही

समजा, हट्टा गावातल्या एखाद्या गल्लीत कोणी घराचा ओटा दोन हात पुढे ओढला. पहिल्या वर्षी बैलगाडी कशीबशी निघते. पुढं ओट्यावर पत्रे चढतात आणि हळदीच्या पोत्यांची ट्रॉली वळणावर अडकू लागते. शेजारी गप्प राहतो. रोज एकमेकांचं तोंड पाहायचं असतं. शेवटी तो बोलतो तेव्हा उत्तर मिळतं, ‘‘आता काय उपयोग? पाच वर्षं झाली की!’’

हा समज साफ चुकीचा आहे, आणि गावोगावचे रस्ते त्यानंच अरुंद केले आहेत. रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नं पंचायतीला दिला आहे. पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना. मुदत कायद्यात खासगी जमिनीच्या ताब्याच्या दाव्याला १२ वर्षं, पण सार्वजनिक रस्त्यासाठी स्थानिक संस्थेला ३० वर्षं आहेत. गावाच्या सामाईक जमिनीवर कितीही वर्षं ठाण मांडलं तरी तो हक्क ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग प्रकरणात सांगितलं. बेकायदा बांधकाम जुनं झाल्यानं कायदेशीर होत नाही, हे त्याच न्यायालयाच्या १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात पुन्हा आलं. ‘नमुना आठला नोंद आहे’ हेही उत्तर पुरत नाही. ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा कागद नव्हे. इंग्लंडमध्ये मात्र विनापरवाना घर चार वर्षं टिकलं की कारवाईतून सुटायचं. २५ एप्रिल २०२४ पासून तिथं ही मुदत दहा वर्षं झाली.

मग आपल्याकडे घाई कशाची? घाई तक्रारदारालाच आहे. बांधकामाचा दोष तसाच राहतो, पण दाद मागायची दारं एकेक करून लागतात. पंचायत दखल घेत नाही म्हणून लोकायुक्तांकडे गाऱ्हाणं न्यायचं, तर ज्या कृतीबद्दल तक्रार ती कळल्यापासून १२ महिन्यांत; भ्रष्टाचारासारखा आरोप असेल तर कृती घडल्यापासून तीन वर्षांत. उशिराला सबळ कारण असेल तर ते ऐकून घेऊ शकतात, पण त्यावर विसंबू नये. तक्रारीचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारलं आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर दुसऱ्याला ९० दिवस.

इतके दिवस मोजायचे तर पहिली तारीख हातात हवी, आणि इथंच माणसं फसतात. ‘सरपंचांना सांगितलं होतं’ याला तारीख नसते. अर्ज दोन प्रतींत लिहा. रस्ता किती फुटांचा होता, किती उरला, हे टेपनं मोजून लिहा आणि फोटो जोडा. एक प्रत पंचायतीत द्या. दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. नुसतं ‘ठेवून जा, बघतो’ ऐकून उठू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. शिक्का पुसट उठला असेल, तर तिथंच उभं राहून पुन्हा मारून घ्या.